कढईतलं उरलेलं तेल

आमच्या गोंदियाकडे लग्नाचं जेवण कसं झालं ते पाहुण्याच्या बोटांवरून कळतं. जेवून उठलेला माणूस हात धुतो, रुमालाला पुसतो, आणि तरीही बोटांवर लाल तुकतुकी राहिली तर म्हणतो, "काय भाजी झाली बाप्पा!" साबणाने दोनदा हात धुवावे लागले, तर आचाऱ्याचं नाव दहा गावांत जातं. अशी तीस वर्षं लोकांची बोटं लाल करून मी नाव मिळवलं. मी शालिक, राहणार फुलचूर, धंदा आचारी. दहावीपर्यंत शिकलो आहे, त्यामुळे लिहिण्यात मीठ-तिखट कमीजास्त झालं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आधी तर्री म्हणजे काय ते सांगतो, कारण बाहेरच्या लोकांना वाटतं की भाजीत भरपूर तेल ओतलं की तर्री आली. तसं नाही. आमच्या लग्नाची भाजी म्हणजे वांगी-आलू. गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, तेल तापवायचं, त्यात कांदा-लसणाचं वाटण आणि तिखट टाकून परतत बसायचं. मसाला कच्चा असतो तोवर तेल पिऊन बसतो. शिजला की तेच तेल सोडून देतो. ते तिखटाचा रंग घेऊन रश्शावर येतं आणि बोटभर जाडीचा लाल थर धरतं. तीच तर्री. अर्धी चव आणि अर्धं नाटक. भाजी वाढणारा गडी हुशार असला तर मानाच्या पाहुण्याला पळी वरच्या वर मारून तर्री वाढतो आणि बिनमानाच्याला तळातून नुसती वांगी. पंगतीत कुणाच्या पानात काय पडलं यावरून सोयरीकीत रुसवे झालेले मी पाहिले आहेत.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. एक निवृत्त गुरुजी होते. मुलाच्या लग्नात भट्टीजवळ खुर्ची टाकून सकाळपासून बसले. मी तेलाचा पिपा, म्हणजे पत्र्याचा डबा, फोडला की उठून वाकून बघायचे. मला वाटलं, तेल चोरतो की काय म्हणून पहारा देतात. शेवटी विचारलं, "गुरुजी, काही चुकून राहिलं का?" तर म्हणाले, "चुकून नाही, कमी पडून राहिलं. माझ्या भावाच्या घरच्या लग्नात पळी उभी राहिली होती तर्रीत." पळी तर्रीत उभी राहत नाही, हे विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला मी कसं सांगणार? आणखी एक पिपा फोडला. गुरुजी खूश झाले आणि घरी जाऊन झोपले.

आचारी होण्याआधी दोन वर्षं मी सडक अर्जुनीला हमरस्त्यावरच्या एका ढाब्यावर होतो. तिथे मालकाचा नियम साधा होता. कढईतलं तेल बदलायचं नाही, वाढवायचं. खाली गेलं की वरून ओता. त्या कढईत तळाला कोणत्या सालचं तेल होतं ते मालकालाही माहीत नसावं. तिथेच मी तेलाची नाडी ओळखायला शिकलो. ताजं तेल झाऱ्यावरून पाण्यासारखं घसरतं. थकलेलं तेल गळताना तार धरतं, लवकर धूर सोडतं, आणि त्यात पुरी टाकली की भोवती बारीक फेस जमतो, जो विझत नाही. असल्या तेलातली पुरी फुगते कमी आणि तेल पिते जास्त. लग्नाच्या कामाला लागलो तेव्हा मी मनाशी ठरवलं की फेस धरलेल्या तेलात पाहुण्याची पुरी तळायची नाही. तेवढी गोष्ट मी आयुष्यभर पाळली, आणि तिचा मला अभिमान होता.

आता या धंद्यातली एक रीत सांगतो, तिच्यावरच सगळं आलं. लग्नघरच्या सामानातलं जे उरतं ते घरमालकाचं. तांदूळ, साखर, बेसन, सगळं. पण पुरीच्या कढईतलं उरलेलं तेल आचाऱ्याचं. कुठे लिहिलेलं नाही, पण मालकही मागत नाही आणि आचारीही विचारत नाही. कढई निवली की मी ते फडक्यातून गाळून पिप्यात भरायचो आणि सायकलच्या, पुढे स्कूटरच्या, मागे बांधून घरी न्यायचो. चहासारखा रंग असायचा त्याचा. घरी सुमन, माझी बायको, त्यात भाजी फोडणीला टाकायची, चिवडा करायची, तळणही त्यातच. उन्हाळ्याच्या सिझनमध्ये साठवलेलं तेल दिवाळीपर्यंत पुरायचं. लग्न झाल्यापासून आमच्या घरी तेल विकत आलं नाही. शेजारचे म्हणायचे, "शालिकची मजा आहे, फुकटचं खातो." मलाही तसंच वाटायचं.

त्या दिवशी फुलचूरच्याच एका लग्नाचं काम उरकून दुपारी घरी आलो. पिपा हातात होता. सुमन अंगणात तांदूळ निवडत बसली होती, पण सूप बाजूला पडलं होतं आणि ती भिंतीला टेकून जबडा दाबत होती.

"काऊन व, दात दुखून राहिला का?"

"दात नाही. पाठीतून कसंतरी होऊन राहिलं. घाम पाहा किती आला."

मला वाटलं, पित्त. मी आचारी माणूस, पोटाचे आजार मला कळतात असा माझा समज. जिऱ्याचं पाणी दिलं, सोडा दिला, पाठीला तेल चोळलं. दोन तास गेले. हृदयाचं दुखणं बायकांना असं पाठीत आणि जबड्यातही येतं हे मला ठाऊक नव्हतं. ते दोन तास मी अजून विसरलेलो नाही. आमची प्रज्ञा कॉलेजातून आली, तिने आईचा चेहरा पाहिला, ऑटो आणला आणि आम्ही गोंदियाच्या दवाखान्यात पोहोचलो. पुढचं सगळं तिथल्या डॉक्टर मॅडमच्या हातात होतं. नस बंद झाली होती. त्यांनी ती उघडून आत स्प्रिंग बसवली. सुमन वाचली.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी मला समोर बसवलं आणि खाण्यापिण्याचं विचारू लागल्या. मीठ किती, चहा किती, तंबाखूचं मंजन लावतात का. मग विचारलं, "घरी तेल कोणतं वापरता?"

मी म्हटलं, "मॅडम, आम्ही तेल विकत घेतच नाही." आणि हे मी मोठ्या फुशारकीने सांगितलं. लग्नाचं, पुरीचं, गाळून वगैरे.

मॅडमचं पेन थांबलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी उलट मलाच विचारलं, "तुम्ही तर आचारी आहात. ते तेल चांगलं असतं का हो?"

उत्तर मला मॅडमपेक्षा जास्त माहीत होतं. ज्या तेलाने फेस धरला म्हणून परक्या पाहुण्याची पुरी मी त्यात सोडली नसती, तेच तेल पंचवीस वर्षं माझी बायको रोज खात होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला तिथे खुर्चीत बसून रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "हे बघा, एकट्या तेलाने झालं असं मी म्हणणार नाही. त्यांना बीपी आहे, शुगर आहे, त्यांच्या वडिलांनाही हाच त्रास होता. कारणं अनेक असतात. पण तेल पुन्हा पुन्हा कडकडीत तापलं की बिघडतं आणि ते रक्ताच्या नळ्यांना चांगलं नाही. वनस्पती तुपाचंही तेच. ते आता बंद करायचं."

घरी आलो आणि सहा पिपे होते ते सगळे बाहेर काढले. तेव्हापासून कढईतलं तेल साबण करणारा घेऊन जातो. इथवर ठीक होतं. पण मी पडलो हट्टी. एकदा ठरवलं की कडेलोटच करायचा, हा माझा स्वभाव. मी घरातलं तेलच बंद केलं. सुमनला दोन महिने उकडलेला दुधी, उकडलेला पालक, उकडलेली डाळ. फोडणीचा वास घरात नाही. आधी तिला तेलात बुडवलं आणि मग वाळत घातलं. तिचं वजन उतरलं, कातडी कोरडी पडली, आणि तोंड तर असं झालं की मी समोर ताट ठेवलं की ती भिंतीकडे बघायची. त्यात शेजारच्या एकाने सांगितलं की गोळ्या सोडा आणि रोज वाटीभर जवसाचं तेल पाजा, नस आपोआप साफ होते. मी तेही करायच्या बेतात होतो.

तपासणीला गेलो तेव्हा सुमननेच तक्रार केली. "मॅडम, याहीले सांगा. मी दवाखान्यातून वाचून आली, आता याह्यच्या हातानं मरून राहिली."

मॅडम मला म्हणाल्या, "तेल शून्य करा असं कोणी सांगितलं तुम्हाला? शरीराला तेल लागतं. कोणतं, किती आणि कितीदा तापवलेलं, एवढंच बघायचं. रोज चार चमचे ताजं तेल, मधून मधून बदलून. जवस भाजून खा, चांगलंच आहे, पण ते खाणं आहे, औषध नाही. गोळ्या सोडल्यात तर माझ्याकडे येऊ नका."

परत येताना सुमन स्कूटरवर मागे बसून सगळा रस्ता हसत होती. त्या दिवशी मी ताज्या तेलात मोहरी टाकली तेव्हा ती उठून चुलीजवळ आली आणि नुसती उभी राहिली.

पुढच्या वर्षी प्रज्ञाचं लग्न ठरलं. मुलगा शिक्षक, त्यांचं गाव आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडाजवळ. बौद्ध विहारात मंगल परिणय आणि बाजूच्या मैदानात जेवण. हल्ली बुफेची फॅशन आली आहे, पण सोयऱ्यांकडचे लोक म्हणाले, आम्हाला पंगत पाहिजे. आचाऱ्याच्या मुलीचं लग्न! लोकांनी आधीच जाहीर करून टाकलं की आता तर्री तर पावसासारखी येणार. मीही मनात वेगळा विचार केला नव्हता. सुमनसाठी बाजूला छोट्या पातेल्यात कमी तेलाची भाजी करीन, असं मी तिला सांगितलं.

ती म्हणाली, "नोको."

"नोको म्हंजे?"

"माह्या पोरीच्या लग्नात मी येगळ्या पातेल्यातलं खाणार नाही. सोयऱ्यायच्या पंगतीत बसीन, साऱ्यायच्या पानात पडंल तेच माह्या पानात पाह्यजे. नाही तं जेवतच नाही."

"अवं, पन तुह्या तब्येतीचं काय?"

"ते तुमी पाहा. आचारी तुमी."

तीस वर्षांत हजारो माणसांना जेवायला घातलं, पण असा पेच कधी पडला नव्हता. एका बाजूला बायको. तिच्या पानात तर्री पडली तर मला घास गिळवणार नव्हता, आणि ती उपाशी उठली तर मुलगी सासरी जाताना काय मनात घेऊन जाईल? दुसऱ्या बाजूला चारशे माणसं आणि सोयऱ्यांसमोर मान. आचाऱ्यानेच मुलीच्या लग्नात कोरडी भाजी घातली, हे वाक्य पोरीला सासरी जन्मभर ऐकावं लागलं असतं. आमच्याकडे लोक तोंडावर बोलतात आणि विसरत नाहीत.

मी घरी भाजी करून बघायला लागलो. पहिल्या दिवशी तेल चौथाईवर आणलं. सुमनने एक घास खाल्ला. "दवाखान्याची भाजी." दुसऱ्या दिवशी टमाटर वाढवून रंग आणला. ती म्हणाली, "दिसते लाल, पन पानी आहे." अडचण कुठे होती ते मला कळत होतं. तेल नुसती चव देत नाही, ते रश्शाला अंग देतं. जिभेवर जो जडपणा बसतो तो तेलाचा असतो. तो दुसऱ्या कशातून आणायचा ते सुचत नव्हतं.

सुमनच म्हणाली, "माही माय वांग्यात जवस कुटून टाके."

आमच्याकडे धान कापायच्या आधी बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, ओलीतच जवस फेकतात, ते धानामागून उगवतं. प्रत्येक घरात त्याची चटणी असते. पण लग्नाच्या भाजीत जवस? ते गरिबाघरचं खाणं, पाहुण्याला कोण वाढतं? तरी मी भाजलं, कुटलं आणि मसाला परतून झाल्यावर रश्शात सोडलं. दहा मिनिटांत रस्सा गाढा झाला आणि वर एक चकाकी आली. तर्री नव्हती, पण पाणीही नव्हतं. सुमनने बोट बुडवून चाटलं आणि पुन्हा बुडवलं. दुसऱ्यांदा बुडवलं तेव्हा मी समजलो.

लग्नाच्या दिवशी चारशे माणसांची भाजी मी तशीच केली. एरवी जिथे तीन पिपे लागले असते तिथे एकात भागलं. पुऱ्या कमी ठेवल्या, भात आणि वरण वाढवलं. आणि खरं सांगतो, इतकी धाकधूक मला पहिल्या कामालाही झाली नव्हती. धीर अपुरा होता म्हणून एका गडव्यात, म्हणजे तांब्यात, वेगळी तर्रीही करून ठेवली होती.

पहिली पंगत बसली. सुमन नवी साडी नेसून विहीणबाईंच्या शेजारी बसली. भाजी वाढून झाली आणि नवरदेवाच्या मामांचा आवाज आला. मामा म्हणजे भारदस्त माणूस, मिशीवाले.

"शालिकभाऊ, तर्री कोठी गेली गा? पोरगी देऊन राहिले का आमाले दवाखान्यात भरती करून राहिले?"

सगळी पंगत हसली. माझे कान गरम झाले. प्रज्ञा मांडवातून माझ्याकडे बघत होती. मी गडवा घेऊन स्वतः गेलो आणि मामांच्या पानात तर्री ओतली. "घ्या मामा, तुमच्यासाठी ठेवलीच होती." पुढे सरकलो. पुढच्या दोघांनीही घेतली. मग विहीणबाईंची पाळी आली. त्यांनी पानावर हात आडवा धरला.

"मले नोको."

मामा म्हणाले, "घे ना व बाई, लग्न आहे."

"नोको म्हनलं ना. दोन सालं झाली मी कोनाच्याच लग्नात जेवत नाही. घरून भाकर खाऊन येते आन् पानावर नुसती बसते. मलेबी डाक्टरनं तेल कमी सांगतलं. आज पहिल्यांदा पोटभर खाऊन राहिली, तं तू मधात बोलू नोको." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "व्याही, भाजी आना अजून."

मामांना हे माहीतच नव्हतं. सख्ख्या बहिणीचं दुखणं त्यांना माझ्या मांडवात कळलं. मग पुढ्यातलं पान त्यांनी जरा बाजूला सारलं आणि म्हणाले, "मलेही तेच आना. हे राहू द्या." मग कुठून कुठून हात वर व्हायला लागले. एकाला शुगर, एकीला बीपी, एका तरण्या पोराला मागच्याच महिन्यात रिपोर्टमध्ये काहीतरी निघालेलं. आमच्या पंगतीत इतकी माणसं आजवर भीतभीत जेवत होती आणि मी त्यांची बोटं लाल करून खूश होत होतो. गडवा जवळजवळ भरलेलाच परत आला.

नंतर काही जुनी गिऱ्हाइकं तुटली, हे खोटं कशाला सांगू? पण नवीही आली. आता लोक निरोप पाठवतात, "प्रज्ञाच्या लग्नासारखी करजो." सुमनचे रिपोर्ट बरे येतात. मॅडम म्हणतात, गोळ्या, चालणं आणि खाणं, तिन्ही मिळून. मी नुसती मान डोलावतो.

पण त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. आचारी पंगतीत बसत नाही. शेवटची पंगत उठल्यावर भट्टीजवळ, गंजाच्या तळाचं, निवलेलं खातो. मी दुसऱ्या पंगतीची तयारी करायला वळलो तर सुमनने धोतराचा सोगा धरला. तिच्या दुसऱ्या बाजूची जागा तिने पदर पसरून अडवून ठेवली होती.

"बसा."

"अवं, पुऱ्या तळायच्या आहेत अजून."

"दुसरं कोनी तळन. पोरीचा बाप आहा तुमी आज. बसा."

मी बसलो. कुणीतरी पान टाकलं, भात वाढला, भाजी वाढली. वाफ येत होती. सुमन वाकून हळूच म्हणाली, "मीठ जरासं कमी झालं हो." मी भात कालवला आणि तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातची लग्नाची भाजी, बायकोशेजारी बसून, गरम खाल्ली. मीठ खरंच कमी होतं.